मागच्या सीटवर बसणारे शॉकअपकाका

अन्याय झाला तो शॉकअपकाकांवर. गेल्या तान्ह्या पोळ्याला, म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी साडेदहा वाजता, अमरावतीत बडनेरा रोडवरच्या त्यांच्या स्वतःच्या दुकानाच्या शटरवर. लाल शाईत छापलेला एक कागद तिथे चिकटवला गेला: ‘शॉकअप बदलून गाड्या बिघडवणाऱ्यांनो, आणखी किती पोरांचे बळी हवेत?’ तो कागद मी लिहिला होता. खळही मीच लावली होती. म्हणून हे लिहिण्याचं कामही माझंच आहे, दुसऱ्या कुणावर ते ढकलता येणार नाही.

ज्यांनी काकांना पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गाडीचं काम झालं की कुठलाही मेकॅनिक स्वतः हँडल धरतो आणि एक चक्कर मारून येतो. काका हँडल धरत नसत. गाडी मालकाला चालवायला लावायचे आणि स्वतः मागे बसायचे. साठी उलटलेला, पांढऱ्या मिशांचा, खाकी शर्टातला माणूस. दोन्ही तळवे मांड्यांवर, डोळे मिटलेले. रेल्वेच्या पुलापर्यंत जायचं आणि परत यायचं. वाटेत एक शब्द नाही. उतरले की निकाल: “पुढचं तेल पातळ हाये,” नाहीतर “स्प्रिंग परत लवकर येते, उडवते मानसाले.” असं मागे बसून काय कळतं, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, “चालवनाऱ्याच्या हातात हँडल असते. त्याले वाटते, सगळं बरोबर हाये. मांगच्याच्या हातात काईच नसते, म्हनून त्याले खरं समजते.”

पान्याला हात लावण्याआधी त्यांचा एक प्रश्न ठरलेला असायचा. गाडी कोणती, किती पळाली, हा नाही. “मांगं कोन बसते?” वरूडचा संत्रावाला क्रेट घेऊन आला तर क्रेट उतरवू देत नसत. दूधवाल्याला भरल्या कॅनसकट यायला सांगत. खडूने सीटखाली एक खूण करायची, तिथून चाकाच्या आसापर्यंत टेप लावायचा. एकदा गाडी स्टँडवर असताना, एकदा नुसती चाकांवर, एकदा सगळं घरदार बसवून. तीन मापं. नव्या माणसाला हा वेळकाढूपणा वाटायचा. “बाप्पा, शॉकअपच बदलाचे हायेत न, का कुंडली पाहून राहिले?” असं एक जण म्हणाला, तेव्हा काका टेप गुंडाळत म्हणाले, “कुंडलीच हाये राजा. तुई अन् तुया बायकोची. बसव तिले.”

माझी गाडी मी त्यांच्याकडे नेली तेव्हा मागे कुणीच बसत नव्हतं. कॅरिअरला पत्रकांचे गठ्ठे बांधलेले होते. आम्ही दहा-बारा पोरंपोरी रस्त्यांच्या प्रश्नावर गावोगाव पत्रकं वाटतो, भिंतींना चिकटवतो, निवेदनं देतो. मी गठ्ठे सोडायला लागले तर त्यांनी हात धरला. “राहू दे. हेच तुयं मांगचं मानूस.” मग गाडी खोलली. पुढच्या दोन्ही नळ्यांतून काळं पाणी झालेलं तेल काढलं. नवं तेल मापायला त्यांच्याकडे लहान बाळाची दुधाची बाटली होती, आकडे लिहिलेली, मुलीच्या लहानपणची. डोळ्यासमोर धरून ते एका रेघेसाठी अडून बसायचे. “इकडं एक रेघ जास्त झाली त गाडी खड्ड्यात मान वाकडी करते,” म्हणाले. मागचे जुने शॉकअप काढून गॅसचे लावले. खर्च फार, काय गरज, आधी रस्ते नीट व्हायला हवेत, असं माझं भाषण चालूच होतं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, “रस्ता होईन तेव्हा होईन. तवर्‍यात तू जिती राह्यली पाह्यजे का नाई?”

चांगला माल लावायला त्यांची ना नसायची, उलट हौस होती. पण कॉलेजची पोरं यायची. गाडी खाली बसवून द्या, स्प्रिंग कापून द्या, एकदम ताठ करून द्या म्हणायची, तेव्हा ते पाना खाली ठेवायचे. “शॉकअप तुया कमरेसाठी नाई, चाकासाठी हाये. चाक जमिनीले धरून राह्यलं त तुया ब्रेक लागते. ताठ गाडी उडते. उडालेलं चाक कोनाचंच ऐकत नाई.” पोरं हसायची, “काका, तुमी म्हातारे झाले” म्हणायची. मग एकाला चालवायला लावून काका त्याच्याच मागे डोळे मिटून बसायचे. परत आला की पोरगा स्वतःच म्हणायचा, “राहू द्या काका, हाये तशीच.”

आता आपल्याकडची एक समजूत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आपल्या बाया लुगड्यात गाडीवर एका अंगाने बसतात, दोन्ही पाय डावीकडे. म्हणून डाव्या शॉकअपची स्प्रिंग एक खाच जास्त कसायची, असं अमरावतीपासून अकोल्यापर्यंत प्रत्येक घरात कुणीतरी सांगतोच. खाच म्हणजे स्प्रिंगखालच्या कड्याची पायरी. आकड्याच्या पान्याने ती घरीही फिरवता येते. काकांना हे ऐकलं की चीड यायची. एकदा एक जोडपं आलं. नवरा म्हणे डावी कसा. काकांनी दोघांना बसवलं आणि मलाच मागून बघायला लावलं. बाई डावीकडे, नवरा आपसूक उजवीकडे झुकलेला. “पाह्य. तिचा तोल तू सांभाळून राहिला, स्प्रिंग नाई. दोन्हीकडं खाच सारखी पाह्यजे, नाई त मांगचं चाक धरनारा चिमटा पिळते अन् गाडी एका अंगाले वढते.” बाई मागून बोलली, “काका, यायले सांगा, इतकी वर्सं मीच यायचा तोल सांभाळून राहिली!” दुकानातले सगळे हसले. काकाही हसले, पण दोन्ही बाजूंच्या पायऱ्या बोटाने मोजल्याशिवाय त्यांनी ती गाडी सोडली नाही.

गेल्या पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी बडनेऱ्याच्या पुढे अपघातात एक मुलगा गेला. नोकरीला लागून वर्षही झालं नव्हतं. त्याच्या आईसाठी त्याचं नाव इथे लिहीत नाही. पाइपलाइनसाठी रस्ता आडवा फोडला होता, गुडघाभर खोल चर, आणि तो तसाच टाकून कामावरचे लोक निघून गेले होते. पोळ्याच्या सकाळी मी तिथे पोचले. पोलिसांची नोंद व्हायची होती. गाडी कडेला पडलेली. तिला आठवड्यापूर्वीच काकांनी नवे शॉकअप लावले होते. काकाही आले. मुलाचे वडील तिथे उभे होते. काका उकिडवे बसले, डाव्या स्प्रिंगखालच्या पायऱ्यांवरून अंगठा फिरवला, मग उजव्या. पुन्हा डाव्या. मान वर करून त्यांनी त्या बापाकडे पाहिलं. मी वही घेऊन उभी होते.

“काका, काय झालं? शॉकअपमध्ये काही झालं का?”

“काई नाई.”

“मग बघता काय एवढं?”

“काई नाई म्हनलं न पोरी.”

एवढंच. पोलिसांच्या नोंदीत आलं: वेग आणि वाहनातला फेरफार. आणि मी, जी प्रत्येक साहेबाला तोंडावर सांगते की गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, मी घरी येऊन कागद लिहिला. त्यांना विचारलं नाही. दुसऱ्याच दिवशी तो छापून शटरवर लावला. शेजारच्या चार मेकॅनिकांच्या भिंतींवरही लावला, पण त्यातला एकच कागद खऱ्या माणसाला लागला.

काका समोरच्या टपरीवरून चहा घेऊन येत होते. चष्मा काढला, पुसला, घातला. सगळं वाचलं.

“तू लिवलं?”

“हो.”

“मले इचारलं असतं त.”

“विचारलं होतं. तुम्ही बोलला नाहीत.”

मला वाटलं होतं ओरडतील, कागद फाडतील. त्यासाठी मी उत्तरंही तयार ठेवली होती. त्यांनी कागदाला हात लावला नाही. त्या दिवशी शटर उघडलंच नाही. रस्त्यावरच्या लहान पोरांचे लाकडी बैल वाजतगाजत आले, दुकानापाशी थांबले, कारण दरवर्षी काका त्यांना रेवड्या द्यायचे. काकांनी त्या दिवशीही दिल्या. तिसऱ्या दिवशी दुकान रिकामं झालं आणि ते बार्शीटाकळीला मुलीकडे निघून गेले. लोक म्हणाले, बघा, पळाला. मनातून मलाही तसंच वाटत होतं.

दिवाळीच्या आसपास त्या मुलाचे वडील आमच्या खोलीवर आले. पाणी दिलं तर नको म्हणाले. उभ्यानेच बोलले.

“ते खाच मी फिरवली होती. त्याची माय मांगं बसे, पडन म्हनून. काकाले मी म्हनलं होतं, डावी एक वाढवून द्या. त्यायनं साफ नाई म्हनलं. मंग घरी येऊन मीच पाना लावला. त्या दिवशी त्यायनं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं, अन् उठून उभे झाले. बोलले नाई. आता मले सहन नाई होत. लिव तू. माह्या नावासकट लिव.”

नाव मी लिहिणार नाही. एवढं लिहिलंय तेही त्यांनी तीनदा सांगितलं म्हणून.

दुसऱ्या दिवशी मूर्तिजापूर, अकोला करत बार्शीटाकळीला गेले. काका अंगणात बाजेवर बसून तूर निवडत होते. मी वाटेत पाठ केलेली माफी अर्ध्यातच संपली. त्यांच्या मुलीने चहा ठेवला, माझ्याकडे पाहिलं नाही. तिचं बरोबरच होतं.

“काहून नाही सांगितलं काका? दोन शब्दांचं काम होतं.”

“दोन शब्दच होते. अन् ते त्याच्या बापाच्या छातीवर ठेवाचे होते.” तूर पाखडून त्यांनी सूप खाली ठेवलं. “मानसाचं दुकान गेलं त जाते. त्या बापाले कोन झोप आनून देईन?”

“पण चूक त्यांचीच होती ना?”

इथे मात्र ते चिडले. इतक्या वर्षांत प्रथमच माझ्यावर आवाज चढवला. “तुले अजून समजलं नाई! एका खाचेनं गाडी वढते, मरत नाई कोनी. गुडघाभर चरात कोनतीबी गाडी जाते. मी लावलेली जाईन, कंपनीची जाईन, तुई जाईन. तुले मेकॅनिक दिसला, त्याले खाच दिसली. चर कोनालेच दिसला नाई? जाय, त्याले सांग आधी. लिव आधी. खाचेनं नाई, चरानं नेलं पोरगं.”

निघताना त्यांनी सवयीने माझ्या गाडीचा पुढचा ब्रेक दाबून हँडलवर भार दिला. गाडी खाली बसली आणि दोनदा हलून थांबली. एकदाच हलायला हवी. “तेल संपलं हाये याचं,” म्हणाले. मी म्हटलं, “तुम्ही बदलून द्या.” त्यांनी हात मागे घेतले, पाठीशी बांधले. “आता नाई. कोन्या चांगल्या मानसाकडून घे करून.” मी गाडी सुरू केली तरी ते तसेच उभे होते. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्यांवर मागे बसलेला माणूस, आणि त्याचे हात मी बांधून टाकले होते.

ते अजून जिवंत आहेत. मुलाचे वडीलही जिवंत आहेत आणि अजून झोपत नाहीत. मी त्यांना दहा वेळा सांगितलं की चराने नेलं. ते मान हलवतात. माझ्या एकटीच्या शब्दाला आता वजन नाही, ते माझंच कर्तृत्व. ज्यांनी रस्ता फोडला ते सांगतात, फलक होता, माती भरली होती. दुसऱ्या दिवशी दुपारी ती खरंच भरली होती, मुलगा गेल्यावर.

म्हणून हा माझा जबाब. पोळ्याच्या आदल्या दुपारी मी त्या चरावरून गेले. फलक नव्हता. दगड नव्हता. खेड्यात साध्या खड्ड्यातही कुणी बाभळीची फांदी रोवून ठेवतो, तीही नव्हती. दुपारचा उजेड होता, गाडी हळू होती. चाक आत गेलं, काकांनी लावलेल्या शॉकअपने मला वर काढलं, आणि मी पुढे निघून गेले. कॅरिअरला रस्त्यांवरची पत्रकं होती. मी थांबले नाही. संध्याकाळी पाऊस आला, चर पाण्याने भरला आणि रस्ता सपाट दिसायला लागला.

त्या दिवशी मी एकटीच तिथून गेले नव्हते. बडनेऱ्याहून पोळ्याचा बाजार करून तुम्हीही परतलात, वळसा घातलात, शिवी दिलीत आणि घरी गेलात. कुणी फोनमध्ये फोटोही काढला असेल. येत्या रविवारी सकाळी दहा वाजता काकांच्या बंद शटरपाशी या. मी टेबल टाकून बसलेली असेन. किती वाजता गेलात, काय पाहिलंत आणि काय नव्हतं, ते आपल्या हाताने लिहा. खाली सही करा. पहिली सही माझी झालेली आहे. दुसरी तुमची हवी.