पिशवीची गाठ

पेटंट कार्यालयाच्या बाकावर माझ्या शेजारी कणकवलीकडचे एक काका बसले होते. मांडीवर कापडी पिशवी आणि तिच्यात काजू सोलायचं, स्वतः बनवलेलं यंत्र. पाच राज्यांना मिळून हे एकच कार्यालय, त्यामुळे बाक भरलेला होता. काका मला यंत्र दाखवायला पिशवीची गाठ सोडू लागले, इतक्यात टेबलामागच्या बाई म्हणाल्या, "थांबा, बाहेर काढू नका. अर्जाआधी चारचौघांत दाखवलंत, तर शोध नवा राहत नाही. आजवर कुणाकुणाला दाखवलंय?"

काकांचा हात गाठीवरच राहिला. "काजू सोलणाऱ्या आमच्या बायकांना. त्यांच्या हाताला बसल्याशिवाय चालतं की नाही, कसं कळणार?"

बाईंचं पेन थांबलं. आपल्याकडे वेलीची पहिली काकडीसुद्धा आधी शेजारी जाते. झाकून ठेवतो तो कोत्या मनाचा. इथे दाखवणाराच फसतो.

"ते दाखवणं नव्हे, चाचणी होती असं धरता येईल," बाई अखेर म्हणाल्या. "पण अर्ज आजच करा. कसा भरायचा, मी सांगते."

काकांनी गाठ आवळली, तिच्यावर आणखी एक मारली. पलीकडे गोव्याहून आलेले एक गृहस्थ आपलं खोकं कवटाळून बसले होते. त्यांनी सहज विचारलं, "पिशवीत काय हो?"

काका घुटमळले.

"काही नाही," ते म्हणाले, आणि चोरी पकडली गेल्यासारखं त्यांनी माझ्याकडे पाहिलं.