भोंगाआक्काचं गाऱ्हाणं

आधी तिचा आवाज यायचा, मागाहून विकायच्या टोपलीतल्या बांगड्यांचा वास, आणि सगळ्यांत शेवटी ती स्वतः. धामापुरात तळ्याच्या पलीकडे तिनं हाक दिली की आमची आई अलीकडे पातेलं घेऊन उंबऱ्यावर येई. मालवण बंदरात लागणाऱ्या आगबोटीच्या भोंग्याशी त्या आवाजाची तुलना कुणीतरी केली आणि तिचं नाव भोंगाआक्का पडलं. तोंडावर मात्र सगळे नुसतं आक्का म्हणत. त्या आवाजाचं मोल मला कळलं ते कोठडीत बसल्यावर.

मुंबईसह महाराष्ट्र मागण्याचे ते दिवस होते. मी कोल्हापुरास कॉलेजात शिकत होतो. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढलेला पहिलाच. सुटीत घरी आलो, तालुक्याच्या गावी निघालेल्या मोर्चात गेलो आणि जमावबंदी मोडली म्हणून इतरांबरोबर धरला गेलो. खटला उभा राहीपर्यंत आम्ही ‘कच्चे कैदी’. मामलेदार कचेरीच्या मागं, बाजाराला लागून, एक कोठडी होती, तिथं आम्हाला ठेवलं. कच्च्या कैद्याला बाहेरचं जेवण चालतं, पण आणणार कोण? सगळ्यांची घरं लांब.

दुसऱ्याच दिवशी सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, “खंय आसात रे झिलांनो?” आक्का डोक्यावर पेजेचं मडकं घेऊन दारात उभी होती. पहाऱ्यावरचे हवालदार वैभववाडीकडचे, आमच्याच बोलीचे. पण गणवेश चढवला की ते शुद्ध मराठीत बोलत. “बाई, यांच्यापैकी तुमचं कोण आहे?” त्यांनी विचारलं. आक्का म्हणाली, “माजा कोण नाय म्हणान उपाशी ऱ्हवतले काय? सरा बाजूक, पेज निवता.” ते खरंच बाजूला सरले.

मग ती रोज येऊ लागली. बाजारात टोपली मांडायच्या आधी पेज, आणि पेजेबरोबर भाजलेला सुका बांगडा आणि बोलणी. बोलणी सर्वांना सारखी वाटलेली असत. मला म्हणाली, “मेल्या, कॉलेजात जावन एवढाच शिकलंस? पोलीस दिसले काय पळूचा, ह्या पण तुका कोणी सांगूक नाय?” मी चाचरत म्हणालो, “आक्का, पळायचं नाही असं ठरलं होतं.” ती म्हणाली, “असा काय? मगे बरा केलंस. जेव आता.” राजकारणावर याहून जास्त चर्चा तिनं माझ्याशी कधी केली नाही.

तारखा पडत गेल्या. प्रत्येक तारखेला पुढची तारीख मिळे. सुरुवातीला आम्ही गाणी म्हणत होतो, ती बंद झाली. एकमेकांच्या घोरण्यावरून भांडणं होऊ लागली. आक्काच्या ते लक्षात आलं असावं. ती गावच्या मानकऱ्यांकडे गेली आणि आमच्यासाठी देवाला गाऱ्हाणं घाला म्हणाली. आमच्याकडे कुठलंही काम अडलं की देवासमोर नारळ ठेवून जाणता पुरुष मोठ्यानं मागणं मागतो आणि जमलेले लोक प्रत्येक मागण्याला ‘व्हय महाराजा’ म्हणून साथ देतात. मानकरी म्हणाले, “कचेरीपुढं जमावबंदी आसा, आक्का. माका नाय जमूचा.”

“देवाक जमावबंदी लागू आसा?” आक्कानं विचारलं आणि स्वतःच नारळ घेऊन आली. बाईनं गाऱ्हाणं घातलेलं तोवर मी ऐकलं नव्हतं. कोठडीच्या भिंतीशी तिनं नारळ ठेवला आणि आवाज लावला, “बा देवा महाराजा! ही जी लेकरा आत बसली आसत, त्येंचा काय वाकडा-नाकडा आसात ता दूर कर रे महाराजा!” जमाव कुठंच नव्हता. चहावाला आपल्या चुलीपाशी, शिंपी आपल्या मशीनपाशी, कोळणी आपल्या टोपल्यांपाशी होत्या. पण तो आवाज पुऱ्या बाजाराला पुरला आणि जो तो जागच्या जागी म्हणाला, “व्हय महाराजा!” आतून आम्हीही म्हणालो. आणि दारात, टोपी काढून हातात धरून, हवालदारही म्हणाले, “व्हय महाराजा!” लहानपणापासूनची सवय, गणवेशाला विचारून थोडीच येते? भानावर येऊन त्यांनी घाईघाईनं टोपी चढवली, तशी आक्का म्हणाली, “हवालदारानु, आता तुमकाय धरतीत हां!” त्या दिवशी कोठडीत पुष्कळ दिवसांनी हसू आलं.

पुढं माझ्यापुरता प्रश्न अवघड झाला. परीक्षा जवळ आली आणि वरून निरोप आला की जो माफीनामा सही करून देईल त्याला सोडू. माझे वडील धामापुराहून चालत आले. गजांपलीकडे उभे राहून हळूच म्हणाले, “आमच्या घरात पयलोच तू. एक सही कर आणि परीक्षेक जा. आवस जेवणा नाय.” आईनं अन्न सोडलं होतं. वडील रागावले असते तर मला सोपं गेलं असतं. सही केली तर या सोबत्यांना तोंड कसं दाखवू, आणि नाही केली तर वडिलांना? मी म्हणालो, “बाबा, उद्या सांगतो.” ते बाजारातच वस्तीला राहिले.

सकाळी आक्का आली तेव्हा मी तिलाच विचारलं. ती म्हणाली, “ह्या माका विचारू नको. सही केलंस तरी जाताना पेज जेवनच जा.” एवढं बोलून ती भिंतीशी गेली. “बा देवा महाराजा! जो सही करीत त्येकाय सुखरूप घराक धाड, जो करूचो नाय त्येकाय सुखरूप घराक धाड. कोणाच्याच मानेवर ओजा ठेव नको रे महाराजा!”

बाजारानं साथ दिली. त्यात भिंतीच्या अगदी लगत एक घोगरा आवाज होता. शेतातल्या हाकांनी बसलेला तो आवाज मी कुठंही ओळखला असता. वडील म्हणत होते, “व्हय महाराजा!”

थोड्या वेळानं ते गजांपाशी आले. “काय ठरवलंस?” मी म्हणालो, “नाही करत, बाबा.” त्यांनी मान हलवली. “बरा. आवशीक मी सांगतंय.”

परीक्षा बुडाली. ती मी पुढल्या वर्षी दिली आणि पास झालो. त्याआधीच खटला काढून घेतला गेला आणि आम्ही सगळे सुटलो. त्या दिवशी बाजारानं हार आणले होते. आमचे डोळे मात्र आक्काला शोधत होते. ती दिसेना. शेवटी वडिलांना आणि मला ती सापडली कोठडीच्याच दारात, डोक्यावर मडकं घेऊन. त्याच सकाळी तिथं नवे कच्चे कैदी आणले होते. कुठल्याशा जमिनीवरून साहेबाला घेराव घालणारी कुळं. कुठली, कुणाची, तिला ठाऊक नव्हतं.

“आक्का, आम्ही सुटलो,” मी म्हणालो. माझ्या गळ्यात हार होता.

“दिसता मा माका,” ती म्हणाली. “तुमका न्हेवक गाव इलो. हेंका कोण आसा? सर बाजूक.”

मी सरलो. वडील मात्र पुढं झाले आणि तिच्या डोक्यावरचं मडकं त्यांनी दोन्ही हातांनी उतरून घेतलं.