दामाजींच्या गाडीचा कौल

आमच्या भाच्याला, मितेशला, कधी कोणी चुकलेलं पाहिलं नाही. चुकतात त्या गाड्या, केबली, कंपन्या. शहाडला त्याचं गॅरेज आहे, पण गॅरेज म्हटलेलं त्याला खपत नाही. तो ‘ट्यूनर’ आहे. म्हणजे गाडीच्या ईसीयूमधलं, तिच्या मेंदूमधलं, जुनं सॉफ्टवेअर पुसून नवं भरतो आणि गाडी आता विमान झाली असं मालकाला पटवतो.

माजिवड्याच्या दामाजींची मुलगी कल्पिता त्याला आवडायची आणि आश्चर्य म्हणजे तिलाही तो आवडायचा. दामाजी मूळचे कोकणातले. गावच्या देवीला तांदूळ लावून, कुठला आधी पडतो त्यावरून कौल घेतल्याशिवाय ते साधी भिंतही रंगवत नाहीत. मुलीसाठी डोंबिवलीच्या अपूर्वचं स्थळही आलं होतं. देवीला विचारू आणि ठरवू, असं दामाजींचं चाललं होतं. मितेश खो खो हसायचा. “मामा, तांदूळ पडून लग्नं ठरतात होय?”

होणाऱ्या सासऱ्यांना गार करायचं म्हणून त्याने दसऱ्याचा मुहूर्त धरला. दामाजींच्या गाडीची पूजा चालू असतानाच तिच्यात नवं सॉफ्टवेअर भरायचं. बॉनेटवर झेंडूची माळ, सीटवर लॅपटॉप. जुन्या सॉफ्टवेअरची कॉपी आधी काढून ठेव, असं मी म्हटलं, तर म्हणाला, “मामा, ती नवशिक्यांसाठी असते.”

अर्धं सॉफ्टवेअर भरून झालं आणि दामाजी चाकाखाली लिंबं ठेवून आत बसले. मुहूर्त टळत होता, लिंबू चिरडायलाच हवं. अशा वेळी चावीला हात लावायचा नसतो, हे मितेशला पक्कं ठाऊक. पण होणाऱ्या सासऱ्याला पूजेत नको कसं म्हणायचं? “फिरवा काका, बिनधास्त!” म्हणाला. दामाजींनी चावी फिरवली. लॅपटॉपवर लाल पट्टी आली आणि गाडी ठार झाली. लिंबं मात्र शाबूत.

“केबल डुप्लिकेट निघाली,” मितेश म्हणाला.

आता मूळ सॉफ्टवेअर आणायचं कुठून? तशीच गाडी, त्याच वर्षाची, होती फक्त अपूर्वची. देवाची थट्टा म्हणायची, दुसरं काय! कल्पिताने फोन केला आणि तो भला माणूस पेढे घेऊन आला. मितेशने त्याच्या गाडीतून सगळं लॅपटॉपवर उतरवून घेतलं, दामाजींच्या गाडीचा मेंदू काढून टेबलावर उघडला, सुईएवढ्या तारा टेकवून त्यात ते भरलं. खोटं कशाला बोलू, हात सोन्याचा आहे पोराचा. तोंडच तेवढं पितळेचं.

मेंदू परत बसवला. दामाजींनी चावी फिरवली. गाडी नुसती खोकली. पुन्हा फिरवली, तेच. “मी बघू का काका?” म्हणत अपूर्व आत बसला. आपल्या गाडीची किल्ली मुठीत तशीच ठेवून त्याने दामाजींची चावी फिरवली आणि गाडी गुरगुरली. बंद केली, दामाजी बसले. नाही. अपूर्व बसला. झाली चालू!

दामाजींनी हात जोडले. “देवीने कौल दिला.”

मितेशचा चेहरा पडला. माझ्या कानाशी येऊन पुटपुटला, “मामा, घाईत चावीची ओळखपण कॉपी झाली. अपूर्वच्या किल्लीत चिप आहे, गाडी आता तिलाच ओळखते. नीट करायला वेळ नाय लागत.”

“मग सांग की मोठ्याने!”

“सगळ्यांसमोर? काय बोलता मामा, इज्जत आहे ना आपली!”

कल्पिता तेवढ्यात समोर येऊन उभी राहिली. ती डोळ्यांत प्राण आणून विचारत होती. “मितेश, तुझ्या हातून काही राहिलंय का रे? राहिलं असेल तर सांग. बाबांना मी समजावते.”

एक ‘हो’ म्हणायचं होतं गाढवाला. जीव तुटला माझा.

“माझ्या हातून? छे!” मितेश म्हणाला. “देवीच्याच मनात असेल तसं.”

कल्पिता वडिलांकडे वळली. “बाबा, कौल मान्य आहे मला.”

लग्नात मितेश पोटभर जेवला. दामाजींची गाडी अजून जावयाच्या जादा किल्लीवर चालते आणि ती गाडी आपण मेलेली उठवली, असं आमचा मितेश गिऱ्हाइकांना सांगतो.