गाडीचा कागद मोबाईलमधी, माझा कपाटात

त्या दिवशी गाडीजवळ चौघं व्हतो. वहिनी, त्यांची नऊ वर्षांची ईशा, ज्याच्या व्हॅनला धक्का लागला तो म्हातारा चिनी अंकल, आन् मी. मी मोजणीत व्हते का, ते ठाऊक न्हाई.

परदेशात, पासिर रिसला, बिल्डिंगखाली पार्किंग. मी वहिनींच्या घरी कामाला. कराडकडनं त्यांनीच आणलेली. वहिनी गाडी मागं घ्यायच्या तवा मी मागं उभी राहून "येऊ द्या, येऊ द्या" करायचं, पुरे झालं की डिकीवर थाप मारायची. ही आमची रीत. त्या दिवशीबी थाप मारली. दोनदा मारली. वहिनी कानात वायर घालून फोनवर बोलत व्हत्या. गाडी व्हॅनवर गेली.

उतरल्या त्या माझ्याच अंगावर.

"मावशी, डोळे फुटले का तुमचे? म्हैस नुसती. गावाकडनं उचलून आणली."

मावशी म्हणता म्हणताच म्हैसबी म्हणाल्या. ईशा हसली.

अंकलनं पाकिटातनं त्याच्या विम्याचा कागद काढला. घडीवर चिकटपट्टी लावलेला. वहिनींनी मोबाईल पुढं केला. बोट दोनदा सरकवलं, आला विमा.

"आता कागद बाळगावा लागत नाही. सगळं मोबाईलमध्ये." हे मला म्हणाल्या. मी विचारलं नव्हतं.

अंकलनं वहिनींच्या विम्याचा फोटो घेतला. मग माझ्याकडं वळला. "आंटी, यू सॉ. युअर कार्ड?" मी बघितलं व्हतं म्हणून माझं कामाच्या परमिटचं कार्ड मागत व्हता.

ईशाच तिथल्या पोरांसारखं शेवटी 'लाह' लावून बोलली, "हर कार्ड इन मम्माज कबर्ड, लाह."

कबर्ड म्हंजी कपाट, तेवढं मला कळलं. रोज मीच पुसते ते. बाहेरनं. कुलपासकट.

अंकल माझ्याकडं नुसता बघत राहिला. शिवीची वाटली नव्हती एवढी लाज त्या बघण्याची वाटली.

वर आल्यावर वहिनींनी इंग्रजीतला कागद पुढं टाकला. "विमा कंपनीला द्यायचाय. तुम्ही 'येऊ द्या' म्हणालात म्हणून मी गाडी मागे घेतली, एवढंच आहे. सही करा."

"मी थाप मारली व्हती, वहिनी."

"वाद नकोय. सही."

"न्हाई करत. आन् माझं कार्ड द्या. पासपोर्टबी."

"हरवाल तुम्ही. वाचता तरी येतं का त्यातलं?"

"तुमच्या गाडीचा कागद तुमच्या हातात. माझा का न्हाई?"

"फार तोंड सुटलंय. उद्याच्या विमानात बसवून देते."

"बसवा की. पासपोर्ट तर काढावाच लागंल."

मी कपाटाला पाठ लावून बसले. कुकर लावला न्हाई. ईशाला भूक लागली तवा वहिनींनी कुलूप उघडलं. कार्ड, पासपोर्ट, दोन्ही फरशीवर टाकलं. मी वाकून उचललं.

काम सुटलं न्हाई. जाणार कुठं? पुढं दोन वर्षं त्याच घरात, त्याच गाडीमागं उभी राहिले. मावशी म्हणायचं बंद झालं, नुसतं "ए". पण ती सही केली न्हाई. झंपरच्या आत पिशवी शिवली, त्यात कागद. झोपतानाबी अंगावर. मरेपर्यंत तो दुसऱ्याच्या कुलपात जाणार न्हाई.

वाचणाऱ्याकडं एकच मागणं. तुमच्या घरी कामाला बाई असंल, तर उठा, कपाट उघडा, तिचा कागद तिला द्या. हातात द्या. फरशीवर टाकू नका.