तिरल्यात लपवलेलं रडार

हवाई दलात किस्से ढिगाने साठतात, पण सांगायची सोय नाही. सगळं सीक्रेट! आता रिटायर होऊन देवासला घरी बसलोय. आणि आमचं सीक्रेट तिरल्याच्या बकऱ्यांनाही कळलं होतं, तेव्हा तुम्हाला सांगायला हरकत नाही.

सराव होता. ट्रकवरचं आमचं रडार धारजवळ तिरल्याच्या एका शेतात लपवायचं आणि 'शत्रू'च्या विमानांनी ते शोधायचं. सापडलो की युनिट नापास, आणि साहेबांचं प्रमोशन बोंबललं! साहेब पुण्याचे. त्यांची झोपच उडाली होती.

*

रडारवर हिरवीगार जाळी टाकली. गहू कापून झालेला, चहूकडे पिवळं रान, त्यात आम्ही एकटे हिरवे!

शेतमालक गोविंदभिया म्हणाले, "भिया, इत्ता हरा तो इधर बरसात में भी नी होता!"

"नियमात हिरवीच आहे," साहेब म्हणाले.

तोवर बकऱ्या जाळी खायला आल्या. साहेबांनी निमूटपणे वर भुसा टाकायला लावला.

*

धारच्या मावशीला मी फोनवर सांगितलं, "जवळच आहे, पण जागा सांगता येत नाही." संध्याकाळी मावशी भरल्या वांग्यांचा डबा घेऊन ऑटोतून हजर!

"मावशी, पत्ता कुणी दिला?"

"पत्ता कशाला? ऑटोवाल्याला म्हटलं, जहाँ मिलिट्रीवाले छुपे हैं, वहाँ ले चलो."

साहेबांनी कपाळाला हात लावला. वांगी मात्र मागून घेतली.

*

गोविंदभियांची म्हैस हरवली. ते थेट साहेबांकडे. "साब, जरा मशीन में देख लो."

"हे फक्त आकाशातलं बघतं."

"तो नीचे का कौन देखता है?"

शेवटी आम्हीच म्हैस शोधायला निघालो.

*

सरावाच्या शेवटच्या दिवशी शेजारच्या शेतात लग्न! ट्रकवर डीजे, मोठाले भोंगे, जनरेटर. बंद करा म्हणून साहेब ओरडत गेले, तर वऱ्हाडाने त्यांनाच नाचायला ओढलं. तेवढ्यात विमानं डोक्यावरून गेली. साहेब चेहरा पाडून परतले. "संपलं," म्हणाले. मला खरंच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी निकाल. पडद्यावर विमानातून काढलेला फोटो. डीजेच्या ट्रकभोवती लाल वर्तुळ आणि खाली लिहिलेलं, 'रडार उद्ध्वस्त'. आमच्या भुशाकडे कुणाचं लक्षही गेलं नव्हतं!

"शाब्बास!" परीक्षक म्हणाले. "नकली रडार उभं करायची कल्पना कुणाची?"

साहेब ताडकन उभे राहिले. "टीमवर्क, सर!"

परीक्षकांनी चष्मा चढवून फोटो जवळून पाहिला. "पण ही माणसं नाचतायत का? आणि मधला तर युनिफॉर्ममध्ये आहे!"

"जवानांचं मोराल हाय आहे, सर!"