वंशावळीचे कुलूप

“दादाच्या आडमुठेपणानं माझ्या सुमीची सोयरीक मोडायला आल्ती!” माझे धाकटे बंधू भाऊराव हे वाक्य प्रत्येक लग्नाच्या पंगतीत वाढप्याआधी वाढतात. ते साफ खोटे आहे.

भावकीच्या वंशावळीची वेबसाइट आम्ही भाड्याच्या सामाईक सर्व्हरवर ठेवली होती. मी टेंभुर्णीहून लिहावे, भाऊरावांनी जालन्याहून पुसावे, असा क्रम चाले. म्हणून पुण्याच्या माझ्या चिरंजिवांनी, अविनाशने, तिथे रिपॉझिटरी उभारली. या नोंदवहीत कोणी काय बदलले ते कळे आणि प्रत्येक जुनी प्रत शाबूत राही.

“बाबा, दोघांनी एकदम लिहिलं तरी ते जुळवून घेतं.”

“भावकीत जुळवून घेणारे यंत्र अजून जन्मलेले नाही!” मी म्हणालो. सामाईक विहिरीवर पाण्याची बारी लागते, तशी मी इथेही लावून दिली. ज्या वारी ज्याची बारी, त्या वारी त्याने पानाला कुलूप लावायचे. इतरांनी केवळ वाचायचे. (मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालो, ते उगाच नव्हे!)

एके दुपारी भाऊरावांचा फोन. “दादा, सुमीचे पाव्हणे वंशावळ बघायला नेट कॅफेत आलेत, अन् सुमीपुढं नवरा लागलाय!”

“कोणाचा?”

“तिच्या थोरल्या बहिणीचा! पाव्हणे इचारून राह्यलेत, पोरीचं आधी झालंय का म्हणून!”

(नाव एक ओळ खाली घसरले होते. दोष बोटाचा. बोट माझे होते, हा योगायोग.)

“मी दुरुस्त करून राह्यलो, तर कुलूप! जल्दी काढ!”

“कुलूप नियमाने लागले आहे, नियमानेच निघेल,” असे म्हणून मी संगणकाकडे वळलो, तोच वीज गेली!

“बाबा, काकांनी सांगितलं, मी इथून कुलूप तोडतो,” फोनवर अविनाश.

“कुलूप तोडणे म्हणजे दरोडा! वीज येईपर्यंत थांब.”

“दादा,” पुन्हा भाऊराव, रडकुंडीला आलेले, “पाव्हण्यांना चहा पाजून पाजून थकलो. आता ते चपला शोधून राह्यलेत!”

अखेर अविनाशने माझी आज्ञा मोडून कुलूप तोडले आणि कालची प्रत परत आणली. पानावर सुमी क्षणात कुमारिका झाली. पाव्हणे पुन्हा बसले, सुपारी फुटली, लग्नही लागले.

त्या लग्नात भाऊरावांनी अविनाशला फेटा बांधला; मला नुसता टिळा. तरीही सत्य एकच, आणि ते रिपॉझिटरीत कोणीही पाहावे: तो वार गुरुवार होता, आणि गुरुवारची बारी माझी होती!