बोटं न ओळखणारा कॅमेरा

१२ सप्टेंबर २०१७ रोजी, मंगळवारी, स्टुडिओत एकसष्ट हजार चारशे पन्नास रुपयांचा नवा कॅमेरा आला. पैसे धाकट्या दिराने मोजले, पावती त्याच्या नावावर झाली आणि खोकं उघडताना वहिनीला कोणी हाकही मारली नाही. ती मागच्या खोलीत पासपोर्टचे फोटो कापत बसली होती.

वहिनी म्हणजे थोरल्या भावाची बायको. स्टुडिओ दोघा भावांचा. थोरला फोटो काढायचा, धाकटा गल्ला सांभाळायचा आणि डार्करूममध्ये फोटो धुवायची ती वहिनी. लग्न होऊन आली आणि दोन महिन्यांत काम शिकली, ती पुढे चोवीस वर्षं लाल दिव्याखाली उभी राहिली. नवरा गेल्यावर रडायला फार वेळ मिळाला नाही. तेराशे फोटोंची ऑर्डर अर्धवट पडली होती. तिने त्याचा कॅमेरा गळ्यात अडकवला आणि ऑर्डर पुरी केली. गिऱ्हाईकंही तिला वहिनीच म्हणत, सत्तरीचे म्हातारेसुद्धा.

तिचं हक्काचं काम होतं प्रसूतिगृहातलं. तिथे जन्मलेल्या प्रत्येक बाळाचा घरी जाण्याआधी एक फोटो निघायचा. एक प्रत फाइलला, एक आईला. वहिनी स्टुलावर चढायची, पाळण्यावर ओणवी व्हायची, कॅमेऱ्याला डोळा लावायची आणि बाळाने डोळे उघडायची वाट बघायची. मिटल्या डोळ्यांचा फोटो ती काढत नसे. कधी पाच मिनिटं लागत, कधी पाऊण तास. अकरा वर्षांत मान कामातून गेली, पण एकही फोटो परत आला नाही.

नव्या कॅमेऱ्याची स्क्रीन दारासारखी बाहेर उघडायची आणि हवी तशी खाली झुकायची. कॅमेरा पाळण्यावर उंच धरायचा, स्क्रीनमध्ये बघायचं, बाळाच्या डोळ्यावर बोट टेकवायचं. कॅमेरा नेमका त्या डोळ्यावर फोकस करी आणि त्याच क्षणी फोटो काढी. स्टूल नको, ओणवं होणं नको. दिराच्या हातात हे बघून वहिनीला वाटलं, हा तर माझ्यासाठीच घडवलाय. राग नंतरचा. आधी तिला आनंद झाला होता.

तिने बोट टेकवलं. काही झालं नाही. दुसरं टेकवलं. मग अंगठा.

"दाबू नका हो वहिनी, नुसतं टेकवा," दीर म्हणाला. त्याने टेकवलं. खट्‌. फोटो निघाला.

वहिनीने नुसतं टेकवलं. कॅमेरा ढिम्म.

"काकू, हात पुसून बघा," जावई म्हणाला. हा दिराचा जावई. मागची नोकरी सोडल्यापासून स्टुडिओच्या खुर्चीतच मुक्काम ठोकून होता. वहिनीने हात पुसले, मग धुतले, मग पुन्हा पुसले. जावई हसायला लागला. "तुम्ही माणूस आहात हे त्याला पटत नाहीये काकू!"

दीरही हसला. वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

दुसऱ्या दिवशी दिराने जाहीर केलं, "वहिनी, आता दगदग पुरे. प्रसूतिगृहाला जावईबापू जातील. तुम्ही काउंटरला बसा, आरामात."

"मी आराम मागितला होता का भाऊजी?"

"अहो, तुमच्या मानेसाठीच म्हणतोय."

"मानेची आठवण बरी झाली आत्ताच! अकरा वर्षं ती मान काय शेजाऱ्यांची होती?"

"राग कसला त्यात? तुमच्या बोटाने चालत नाही, त्याला मी काय करू?"

तो म्हणत होता ते खरं होतं, आणि तेच तिला जास्त जाळत होतं. त्या आठवड्यात जावयाने अठरा फोटो आणले. तिने एकेक तपासला. कुठेतरी चूक सापडावी असं तिला फार वाटत होतं. सापडली नाही. अठराच्या अठरा स्वच्छ, डोळ्यात उमटलेल्या खिडकीचे गजसुद्धा मोजून घ्यावेत असे. एवढंच, की डोळे उघडावेत म्हणून तो बाळांच्या तळपायांवर टिचक्या मारतो, असं तिला तिथल्या आयाने सांगितलं होतं. नाचता येईना अंगण वाकडं, असं त्या स्क्रीनला म्हणायचीही सोय उरली नाही. अंगण सरळ होतं. तिलाच आत घेत नव्हतं.

ती काउंटरला बसली. गिऱ्हाईकांवर खेकसू लागली. फोटो कापायची पाती इतक्या जोरात खाली आणायची की बाहेरचा माणूस दचकावा.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी जावई उगवलाच नाही. प्रसूतिगृहातून मोठ्या सिस्टरचा फोन आला. महिनाभर काचेच्या पेटीत ठेवलेलं एक बाळ तासाभरात घरी निघालं होतं, गाडी दाराशी उभी होती. दिराने जावयाला चार फोन लावले आणि नाइलाजाने कॅमेऱ्याची पिशवी वहिनीपुढे सरकवली. "बटणांनी काढा. आणि जपून."

बाळ मुठीएवढं होतं. आई पलंगाच्या कडेला पिशव्या मांडून बसली होती. वहिनीने कॅमेरा पाळण्यावर धरला. स्क्रीनवर फोकसची चौकट बाळाच्या दुपट्यावर होती. बटणाने ती डोळ्यावर न्यायची तर नऊ वेळा डावीकडे, चार वेळा वर. नऊ दाबून होईपर्यंत बाळाने तोंड फिरवलं. पुन्हा उजवीकडे सहा. बाळ पुन्हा डावीकडे. हात भरून आले. एका हाताने वजन पेलत दुसऱ्या हाताने तिने बोट टेकवून पाहिलं. एक, दोन, तीन बोटं. नाही.

"बघू हात," सिस्टर म्हणाली. तिने वहिनीचा पंजा उजेडात धरला. "अगं बाई! वहिनी, तुमच्या बोटांना रेषाच उरल्या नाहीत की! पायाच्या टाचेसारखी झालीय कातडी. काय काम करत होतात तुम्ही?"

"फोटो धुवत होते," वहिनी म्हणाली.

तेवढं बोलली आणि तिला सगळं कळलं. चोवीस वर्षं हीच तीन बोटं फोटो धुवायच्या औषधाच्या ट्रेमध्ये बुडत होती. चिमट्याने ओल्या कागदावर ओरखडा उठतो म्हणून कागद बोटांनी उचलायचा. बोटं आधी पिवळी झाली, मग फुटली, मग निबर झाली. ज्या धंद्याने ती खाल्ली, तोच धंदा आज विचारत होता की ही बोटं कोणाची.

तेवढ्यात बाळाने डोळे उघडले. टक्क. सरळ कॅमेऱ्याकडे.

वहिनीने बोट टेकवलं. काही नाही. आणि मग तिचा तोल गेला. बंद दारावर वाजवावं तसं तिने मूठ वळून बोटाच्या वाकड्या पेराने त्या स्क्रीनवर ठोकलं. "अरे उघड की मेल्या!"

खट्‌.

स्क्रीनवर बाळ बघत होतं, डोळे काचेसारखे स्वच्छ. पेराची कातडी कधी ट्रेत बुडाली नव्हती. ती अजून माणसाची होती.

"परत ठोका," सिस्टर म्हणाली. वहिनीने ठोकलं. खट्‌. तिसऱ्यांदा ठोकलं. बाळाची आई हसायला लागली. वहिनीला हसू आलं नाही.

स्टुडिओत येऊन तिने दिरासमोर कॅमेरा उघडला आणि पेराने तीन फोटो काढून दाखवले, तिन्ही त्याच्याच तोंडाचे.

"उद्यापासून प्रसूतिगृहाला मी जाणार."

"अहो, ठोकून ठोकून फोडाल! या काचेचे आठ हजार पडतात, माहीत आहे?"

"आणि बोटांचे किती पडतात भाऊजी?"

"म्हणजे?"

"लग्नानंतर तिसऱ्या वर्षी डॉक्टर म्हणाले, रबरी हातमोजे घाला. मी तुमच्याकडे मागितले. तुम्ही म्हणालात, 'मोज्यात कागद निसटतो, आणि धंद्याला परवडत नाही.' मग मी आईने दिलेल्या पैशांतून एक जोड आणला. पंधरा दिवसांत फाटला. पावती तुमच्या हातात दिली. तुम्ही म्हणालात, 'पुढच्या महिन्यात देतो.'"

"इतकी वर्षं हे डोक्यात धरून बसलात?"

"डोक्यात कशाला? बोटांतच आहे."

"अहो, दादाला नाही सांगितलंत ते कधी..."

"त्यांना सांगितलं होतं. ते म्हणाले, गल्ला धाकट्याकडे आहे."

दिराने एव्हाना उगवून खुर्चीत बसलेल्या जावयाकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये बघत होता. मग दीर म्हणाला, "बरं, जा तुम्ही प्रसूतिगृहाला. पण बावीस रुपड्यांसाठी घरातलं माणूस असं भांडतं का?"

"आकडा बरोबर लक्षात आहे तुमच्या," वहिनी म्हणाली, आणि पिशवी खांद्याला लावून मागच्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवसापासून ती प्रसूतिगृहाला जाते. बाळाच्या डोळ्यांची वाट बघते, उघडले की ठोकते. हातमोज्यांचे बावीस रुपये दिराने अजून दिलेले नाहीत.